भिडेखातर एक घासही नको

नौपाडा, ठाणे

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो गं आई, माहितीये मला" म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले.

परवा तू म्हणालास, हॉस्टेलच्या मेसच्या काकांना "यात गहू आहे का" असं रोज रोज विचारायला नको वाटतं, मागे रांग खोळंबते, पोरं बघत राहतात. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. काय चालतं आणि काय नाही हे तुला नववीपासून पाठ आहे. नकळत पोटात जाईल याची मला तितकी धास्ती वाटत नाही, जितकी तू भिडेखातर खाशील याची वाटते.

नववीत तुझी उंची वाढत नव्हती. लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. घरात येणारा प्रत्येक जण "पोरगा जेवत नाही वाटतं" म्हणायचा, आणि तू तर दोन्ही वेळा पोटभर पोळी खात होतास. टीटीजी या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, मग एंडोस्कोपीत आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा सीलिॲक हा आतड्याचा आजार आहे हे कळलं. लहान आतड्यात अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे असतात. गहू, जव, राय (हे गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते आणि ते झिजून सपाट होतात. मग कितीही जेवलं तरी अंगाला लागत नाही. ग्लूटेन पूर्ण बंद केलं की ते हळूहळू भरून येतात. याला आज तरी दुसरा उपाय नाही.

कुणी याला नखरे म्हणालं तर त्याला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाबद्दल सांग. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खंगू लागली. गव्हावर डिके यांचा संशय आधीपासून होता, तो यामुळे पक्का झाला. तोवर अशी कित्येक मुलं कारण न कळताच दगावत होती. तुझं कारण आपल्याला कळलं आहे, हे केवढं मोठं आहे!

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय" हे वाक्य तुला तिथे रोज ऐकू येणार. आपल्याकडे ज्या पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं, त्यात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. रोज ५० मिलिग्रॅम असं तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं एका अभ्यासात दिसलं आहे. एका चपातीत याच्या कितीतरी पट असतं. पोट दुखलं नाही म्हणजे पचलं, असंही समजू नकोस. वर काही न दाखवता आत नुकसान होत राहतं.

आता मेसचं. तुला सोडायला आलो तेव्हा मी त्या काउंटरपाशी बराच वेळ उभी होते. पोळपाटावरच्या मावशींच्या हाताला कोपरापर्यंत कणीक लागलेली, आणि त्याच हाताने त्या मधूनच भाताच्या पातेल्यावरचं झाकण सरकवत होत्या. वाढणारा मुलगा चिमट्याने चपाती उचलायचा आणि तोच चिमटा कोशिंबिरीत घालायचा. त्यांचा काही दोष नाही, तीनशे पोरांना वाढायचं तर असंच होणार. पण तुझा भात त्या पातेल्यातला नको. रांग लागण्याआधी, चपात्या सुरू व्हायच्या आत, तुझा भात-आमटी-भाजी वेगळ्या डब्यात काढून ठेवायला सांग. हे बोलणं जेवणाच्या गर्दीत करू नकोस. दुपारी साडेतीन-चारला काका निवांत असतात, तेव्हा जा, बस, आणि एकदाच नीट बोल.

काकांना गहू, मैदा, रवा, शेवया, सातू चालत नाही, त्याचा हात आणि चमचा लागलेलंही चालत नाही, असं सांग. ॲलर्जी म्हणू नकोस. ॲलर्जी म्हटलं की लोक "गोळी घे आणि खा" म्हणतात. आतड्याचा आजार आहे, जन्मभराचं पथ्य आहे, असंच म्हण. मग विचार, फोडणीत हिंग कोणता? बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, त्याची डबी मी देते, ती काकांकडे तुझ्या नावाने ठेव. आमटी किंवा ग्रेव्ही दाट करायला कणीक लावतात का? इडलीच्या पिठात रवा असतो का? भजी बेसनाची असली तरी ज्या तेलात समोसे तळले त्याच तेलातली असतील, तर नको. कॅन्टीनमधल्या पावाशिवायच्या वड्यालाही हेच लागू. चायनीज भेळेकडे बघूही नकोस, नूडल्स मैद्याच्या आणि सोया सॉसमध्येही गहू. रात्री सगळे मिळून दुधात घालून जी चॉकलेटी पावडर पितात, तिच्यातही बहुतेक वेळा जवाचं माल्ट असतं. डब्यावरचं वाचूनच घे.

एकादशी-चतुर्थीला मात्र तुझी चंगळ आहे. साबुदाणा खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. उपास नसला तरी त्या दिवशी उपासाच्या पंगतीत बस.

गणपतीत हॉस्टेलवर शिऱ्याचा प्रसाद असेल. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न तुला पडणार. दोन्ही हातांनी घे, कपाळाला लाव आणि शेजारच्या मित्राला दे. खिरापत, केळं, पंचामृत खा. मोदक उकडीचे असतील तर घे, तळणीचे नकोत. आपल्या आजीनेच, जिला सोवळ्याओवळ्याचं एवढं असतं, तिनेच मला सांगितलं की देवाला पोराचं आतडं नको आहे.

डब्यांत ज्वारी, नाचणी आणि तांदळाचं पीठ भरून ठेवलं आहे. बाबांनी वाशीच्या दाणाबंदरातून ज्वारी आणली, मी निवडून घरच्या चक्कीवर दळली. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावर ज्वारी टाकतात, ते पीठ तुला नको. मित्राच्या घरून थालीपीठ किंवा मेतकूट आलं तर आधी विचार, भाजणीतही गहू असतो आणि मेतकुटातही. इथलं माझं दोन्ही गव्हाशिवायचं आहे, दोन बरण्या देते.

आणि कधी चुकून गेलंच पोटात, तर लपवू नकोस. "आता गेलंच आहे तर उरलेलंही खाऊ" हा विचार तर अजिबात करू नकोस. भरपूर पाणी पी, मऊ भात खा, काय खाल्लं होतं ते लिहून ठेव आणि मला फोन कर. मी रागावणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत टीटीजी, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी करायचंच आहे. ईशाचीही तपासणी पुन्हा करू. हा आजार सख्ख्या भावंडांत जास्त आढळतो, म्हणून तिचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं आहे. तोवर तिचा गहू बंद करायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसणारच नाही.

डॉक्टरांचं पत्र मराठीत आणि इंग्रजीत घेऊन ठेवलं आहे. एक प्रत रेक्टर सरांना, एक मेसला, एक तुझ्या खोलीतल्या मित्रांना. मित्रांना नक्की दे. त्यांना माहीत असलं की तुझ्याआधी तेच विचारतील.

बाबा शनिवारी दुपारच्या गाडीने नेरुळला येतील. रेक्टर सरांची चारनंतरची वेळ घेऊन ठेव, आणि मागचे रिकामे डबे धुऊन त्यांच्याबरोबर पाठव.

तुझी,
आई