छपरावरचं पाणी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री बर्म्युडाहून बोस्टनला परतले. फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सावकाश लिहावं असं वाटलं.

बेट एवढंसं, जेमतेम ५४ चौरस किलोमीटर. १६०९ साली व्हर्जिनियाला निघालेलं एक इंग्रजी जहाज वादळात सापडून तिथल्या खडकांवर अडकलं, १६१२ मध्ये वस्ती झाली आणि आजही बेट ब्रिटनच्याच ताब्यात आहे. आई, तुला तिथली एक रीत फार आवडली असती. बसमध्ये चढणारा माणूस आधी सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो, मगच बसतो.

पण बाबा, तुम्हाला सांगायचंय ते छपरांबद्दल. बेटावर नदी नाही, ओढा नाही. म्हणून घरांची छपरं दगडी फरश्यांची, पायऱ्या-पायऱ्यांची आणि वरून चुन्याने पांढरीशुभ्र. पायऱ्यांवर पावसाचा जोर मोडतो आणि पाणी पन्हाळीतून घराखालच्या टाकीत उतरतं. मी राहिले तिथल्या आजींनी झाकण उचलून दाखवलं. आत काळंशार, गार पाणी. त्या काठी बुडवून किती ओली झाली ते बघतात, आणि मगच त्या दिवशी कपडे धुवायचे की नाही ते ठरवतात.

हा दगड बेटावरचाच. तो कापून घरं बांधणाऱ्यांत गुलामही होते. सेंट जॉर्ज गावातल्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांची दफनभूमी मालकांपासून वेगळी, भिंतीपलीकडे आहे. १८३४ साली गुलामगिरी संपली, पण ती भिंत अजून आहे. तिथे बराच वेळ उभी राहिले. त्यानंतर त्या पांढऱ्या छपरांकडे नुसतं सुंदर म्हणून बघवेना.

रात्री पाऊस आला. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकताना आपल्या पागोळ्या आठवल्या. वळचणीला ओळीने मांडलेल्या कळश्या, बादल्या, आणि डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन त्या बदलणारे तुम्ही.

तिथे वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीत त्याच्या दुपटीहून जास्त, तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि आई टँकरची वाट बघत बसते. गेल्या वर्षी तुम्ही परसात हौद बांधायचं म्हणालात, तेव्हा 'या वयात कशाला हा व्याप' म्हणून मी विषयच तोडला. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. चुकलं माझं, बाबा.

मार्चमध्ये तीन आठवड्यांची रजा घेतलीय. तुम्ही वहीत काढलेला हौदाचा आराखडा जपून ठेवला असेलच. गवंड्याला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पावसाआधी काम उरकेल. खर्चाचं मी बघते, तुम्ही फक्त खुर्ची टाकून लक्ष ठेवा. आणि आई, मागच्या पन्हाळीत फणसाची पानं पडून पाणी तुंबतं. ती एक फांदी उतरवायची की पन्हाळीवर जाळी बसवायची, ते तू सांग. झाड तुझं आहे.

तुमची,
धाकटी