दुसरा कर्णा कोणासाठी, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पुण्यातील आपल्या जनता दरबारात मी अर्ज दिला होता की, मला उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नसल्यामुळे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात क्रमांक दाखवणारा फलक लावावा. ‘महिनाभरात होऊन जाईल,’ असे आपण म्हणालात. परवा पाहिले, तर फलकाऐवजी दुसरा कर्णा बसवला आहे. तत्परतेबद्दल आभारी आहे.

महोदय, मला आवाज कमी पडत नाही, आवाज निवडता येत नाही. एका बाजूने आलेला ध्वनी पलीकडच्या कानाशी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोहोचतो. तेवढ्या फरकावरून आणि दोन कानांतील तीव्रतेच्या तफावतीवरून मेंदू कोणता आवाज कुठला हे ताडतो. एकच कान उरला की भिस्त आवाजाच्या पट्टीवर आणि कोणते ध्वनी एकदम सुरू झाले यावर; पण दोन कर्णे, फरशीवरचा प्रतिध्वनी, कोपऱ्यातील टीव्ही आणि स्ट्रेचरची करकर एकत्र आली की तीही जाते. पुकारा ‘जगताप’ होता की ‘जगदाळे’, हे मला कळले नाही. पाळी गेली आणि खिडकीवरच्या बाईंनी सर्वांदेखत विचारले, ‘आजोबा, लक्ष कुठे असते?’

लक्ष तिथेच होते. शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली, तेव्हा एकाकडे लक्ष देणाऱ्यांना दुसरे कोणत्या भाषेत चालले आहे हेही सांगता आले नाही. शासनाचा तो दुसरा कान बहुधा आम्हा नागरिकांसाठी राखीव असावा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याला दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची हानी लागते, म्हणून मला प्रमाणपत्र नाही. तपासणीही होते ती बंद, शांत खोलीत. रांग मात्र बाजारासारख्या गोंगाटात. साठी उलटलेल्या निम्म्या रुग्णांची तरी हीच गत असावी. अंदाज माझा, मोजणी आपण करावी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचे किमान 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून शासनाला जाहीर करता येतात आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल. तिथूनच डीजे वाजत जातो आणि पुढे स्वागताच्या कमानीवर आपलेच छायाचित्र असते. नियम करणारे, मोडणारे आणि तक्रार नोंदवून घेणारे सगळे एकाच मंडपात बसत असतील, तर अर्ज द्यायचा कोणाकडे?

फलकाला निविदा लागेल, हे मी समजू शकतो. कर्णा उतरवायला पाना पुरतो.

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, पुणे