दहा आज्ञांचं पहिलं वाक्य वाचा

संपादक महोदय,

ज्यू धर्मावर पेपरात काही आलं की मोझेस या प्रेषिताने समुद्र दुभंगवला, दहा आज्ञा आणल्या एवढ्यावर विषय संपतो, नाहीतर गाडी थेट आजच्या राजकारणावर जाते. मूळ गोष्ट राहूनच जाते म्हणून लिहितोय.

दहा आज्ञांची सुरुवात बघा. सिनाय पर्वतावर देव स्वतःची ओळख करून देताना जग निर्माण केल्याचं बोलतच नाही, तुला मिसर (इजिप्त) देशातून, गुलामगिरीतून बाहेर काढलं तो मी, असं म्हणतो. आपण ही प्रस्तावना समजून पुढे जातो पण ज्यू परंपरेत हीच पहिली आज्ञा. ज्यूंचा मूळपुरुष आब्राहाम याच्याशी देवाने केलेला करार त्याच्या कितीतरी आधीचा, तरी ओळख सांगायची वेळ आली तेव्हा सुटकाच सांगितली.

आणि कायदेसुद्धा याच आठवणीतून निघालेत. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद ते घरधन्यापासून दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांना, आणि याचं कारण बायबलमधल्या निर्गम पुस्तकात सहा दिवसांत झालेली सृष्टी असं दिलंय पण त्यातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा परत येते तेव्हा कारण बदलतं, तूही तिथे गुलाम होतास हे आठव.

या सुटकेच्या आठवणीत साजरा होणाऱ्या वल्हांडण सणाला तर घरातलं लहान पोर विचारतं, आजची रात्र वेगळी का, आणि मग मोठे सांगायला बसतात. मिसरातून घाईत निघताना पीठ फुगायलाही वेळ नव्हता म्हणून बिनखमिराची भाकर. प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः मिसरातून निघालो असं समजायचं, हा नियम मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात आहे, म्हणजे इ.स. २०० च्या आसपास लिहिलेला. सुटकेआधी देवाने मिसरावर आणलेल्या दहा अरिष्टांची नावं घेताना पेल्यातून वाइनचे थेंब काढून टाकतात, का तर ज्यांनी छळलं त्यांचीही माणसं मेली, आनंदाचा पेला भरलेला कसा ठेवायचा, असा अर्थ बरेच जण सांगतात. मला तर हे वाचून भरून आलं होतं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी देणं बंद झालं, पण हा सण जेवणाच्या टेबलावर टिकला.

उत्खननात मिसरातून झालेल्या या सुटकेचा थेट पुरावा मिळालेला नाही, ती चर्चा जरूर व्हावी. पण मार्च-एप्रिलमध्ये वल्हांडण येतो तेव्हा समुद्राच्या चमत्काराऐवजी या परक्यांविषयीच्या कायद्यांवर एखादा लेख छापाल का?

आपला,
एक नियमित वाचक