ताईंना जाहीर थँक्यू, त्या एका पिचसाठी

ताई, संपादकाला लेखाची कल्पना कशी पाठवायची, म्हणजे पिच, ते तुम्ही शिकवलंत, त्यासाठी मेसेजवर थँक्यू म्हणून झालंय पण ते फारच तोंडदेखलं वाटलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला हे असलं काही आवडत नाही माहितीये, एवढ्या वेळी चालवून घ्या.

गेम्सवर लिहिते म्हटलं की लोकांना वाटतं रिव्ह्यू लिहायचा आणि शेवटी दहापैकी आठ मार्क देऊन मोकळं व्हायचं. मला 'पेपर्स, प्लीज'वर लिहायचं होतं, २०१३ चा व्हिडिओ गेम, लूकस पोपचा, ज्यात आपण बॉर्डरवर लोकांचे कागद तपासणारे अधिकारी असतो, त्यावर इतकं लिहून झालंय की कुठला संपादक आता परत घेईल असं मलाच वाटत होतं. तुम्ही मात्र नको म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत की तुला त्यात असं काय दिसतं जे बाकीच्यांनी सोडून दिलंय. मग मी नोकरशाही, सत्ता, माणुसकी वगैरे बरंच काही बोलले, तुम्ही नुसतं हं हं करत होतात, आणि बोलता बोलता मी म्हणाले की त्यातलं टेबल फार लहान आहे हो. तिथे तुम्ही थांबवलंत. "हाच लेख. बाकी सगळं सोड."

आणि खरंच होतं ते. बॉर्डरवरच्या त्या खिडकीत पासपोर्ट, परमिट, नियमांचं पुस्तक सगळं एकावर एक पडतं, एक कागद बघायला दुसरा सरकवावा लागतो, पगार मात्र किती माणसं तपासली त्यावर, त्यामुळे घाई होतेच. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात, आणि संध्याकाळी भाडं जाऊन जे उरेल त्यात जेवण, हीटिंग यातलं काय सोडायचं ते आपणच ठरवायचं. समोरच्या माणसावर आपण खेकसतो (मनातल्या मनात का होईना) ते दुष्ट असतो म्हणून नाही, टेबलावर जागा नसते म्हणून! हे मी एवढं खेळूनही कधी नीट मांडलं नव्हतं.

पिच कशी लिहायची हेही तुम्हीच बसून दाखवलंत. सब्जेक्टमध्ये 'पिच' आणि कामचलाऊ हेडिंग, पहिल्याच वाक्यात मुद्दा, मग लेख कुठून कुठे जाणार, अंदाजे किती शब्द, कधी देणार, आधीच्या लेखांच्या एक-दोन लिंक, बस. गेमची स्टोरी सांगत बसायचं नाही. मी 'रिलीजला दहा वर्षं झाली' असं घालत होते तर तुम्ही म्हणालात वर्धापनदिनाची पिच सगळेच पाठवतात, संपादकाला त्यातून लेख दिसत नाही, तारीख दिसते. हे वाक्य मी चार जणांना तरी ऐकवलंय, तुमच्या नावावर!

पण सगळ्यात जास्त थँक्यू पैशाच्या बोलण्यासाठी. ते कोणी सांगतच नाही हो, सगळे पॅशन पॅशन करतात. लिहायला घ्यायच्या आधी रेट विचार, लेख मागवून नंतर छापला नाही तर किल फी (म्हणजे भरपाईचे थोडे पैसे) मिळणार का ते मेलवर घे, लेखाचे हक्क कोणाकडे राहतात ते वाच. मला लाज वाटत होती विचारायला. तुम्ही म्हणालात, विचारल्याने कोणी काम काढून घेत असेल तर ते काम गेलेलंच बरं. विचारलं, आणि समोरून दोन ओळींत सरळ उत्तर आलं, काहीच झालं नाही!

यात तुमचा काय फायदा होता सांगा, ना तुमचं मासिक, ना तुमचा लेख. तरी ड्राफ्ट वाचून पहिले दोन पॅरा उडवलेत, आणि टेबलाचा पॅरा वर आणलात. छापून आलाय तो तसाच.

पुढची पिच पाठवलीये, अजून उत्तर नाही. तुम्ही म्हणाल्याप्रमाणे आठवडाभर गप्प बसणार, मग एकच छोटा मेल, तरी काही आलं नाही तर दुसरीकडे. तोपर्यंत तुम्हाला फोन करून डोकं खाणार नाही असं म्हणत नाही.