राजा नसला तरी साम्राज्य असतं

संपादक साहेब, नमस्कार.
लोकशाही देश साम्राज्य असूच शकत नाही असं लोक ठामपणे बोलतात तेव्हा मला पोर्तो रिको आठवतं, कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. १८९८ ला अमेरिकेने स्पेनला हरवून पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स घेतलं, तिथल्या लोकांना कुणी विचारलंच नाही. फिलिपिन्स १९४६ ला सुटलं, पण पोर्तो रिको अजून अमेरिकेकडेच, १९१७ पासून अमेरिकन सिटिझनशिप आहे, पोरं अमेरिकन आर्मीत जातात, तरी बेटावर राहणाऱ्याला प्रेसिडेंट निवडायला मत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मत मिळतं! हा सरळ अन्याय आहे. ज्यांच्यावर कायदे चालतात त्यांनाच मत नसेल तर दुसरं काय म्हणायचं याला? फ्रान्सनेही रिपब्लिक असतानाच अल्जीरिया ताब्यात ठेवलं, पार १९६२ पर्यंत.

एक वाचक, नाशिक