ध्वज उतरवणाराही ठरवा

मा. संपादक,

माझा भाचा नौदलात आहे. त्याच्यामुळे मुंबईत बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकेवर सूर्यास्ताचं ध्वजावतरण पाहायला मिळालं. बिगुल वाजताच डेकवरचा प्रत्येक जण हातचं काम टाकून जहाजाच्या मागच्या टोकाकडे तोंड करून ताठ उभा राहिला. निशाण सावकाश खाली आलं. खलाशांनी ते डेकला लागू न देता हातांवर झेललं. सकाळी आठला ते पुन्हा चढतं. बंदरात असताना रोज! २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेबरोबर आलेल्या नौदलाच्या या नव्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. तो पाहून आम्हा बडोदेकरांचा ऊर भरून आला.

इथे आमच्या शेजारच्या गच्चीवर मात्र १५ ऑगस्टला लावलेला तिरंगा दिवाळी आली तरी तसाच आहे. कडेचे धागे सुटलेत, हिरवा पट्टा उसवलाय. २०२२ पासून घरावर रात्रीही तिरंगा ठेवता येतो, हे खरं. पण फाटलेला ध्वज फडकवायला ध्वजसंहितेत मनाई आहे. सोसायट्यांनी ध्वज लावणाऱ्याबरोबर तो उतरवणारा माणूसही आधीच नेमावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे