रफार जागेवर आणून देणाऱ्यास

स. न. वि. वि.

‘माझं नाव कुठे लिहू नका’ असं तुम्ही ईमेलमध्ये बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. जुन्या फॉन्टांतली मराठी सगळ्या संगणकांना कळेल अशा रूपात बदलून देणाऱ्या तुमच्या त्या साध्या वेबपानावर माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं काम अडत असणार, आणि ते पुन्हा सुरू झालंय हे त्यांनाही कळायला हवं.

मी दादरला डीटीपीचं, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, अधूनमधून पुस्तकं. उरलेल्या वेळात दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी पुस्तकांच्या फायली तयार करून देते. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा कायदाही अशा वाचकांसाठी हे करू देतो. एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. मजकूर फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत हवा, आणि घोडं अडतं ते तिथेच.

देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, 1991 साली आली. पण आपल्याकडची पुस्तकं लागायची पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत जमली नाही. त्याच्यानंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये ती नीट जुळायला 2012 उजाडलं. तोवर सगळा कारभार श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांवर. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. डोळ्यांना मराठी दिसतं, पण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यामागची रोमन अक्षरं नि चिन्हं पुटपुटत बसतं. गिरगावातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडून पुस्तकं घेतात. त्यांच्यासाठी अशी फाइल म्हणजे कोरा कागद.

तुमचं पान म्हणजे काय, तर दोन चौकोन आणि मधे एक बटण. वरच्या चौकोनात जुना मजकूर टाकायचा, खालच्यात युनिकोड मिळतं. जाहिरात नाही, नोंदणी नाही. पण त्या बटणामागे तुम्ही किती मेहनत घेतलीय हे रोज अक्षरं जुळवणाऱ्यालाच कळेल. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफाराचं बरोबर उलटं. ‘धर्म’ लिहिताना रफार ‘म’नंतर टाइप केलेला असतो, तो उचलून ‘म’च्या आधी ठेवावा लागतो. काही फॉन्टांत दुसरी वेलांटी आणि रफार मिळून एकच तुकडा असतो. तिथे ‘मूर्ती’सारख्या शब्दात आधी तो फोडायचा आणि मग दोघांना आपापल्या जागी पाठवायचं. हे सगळं तुमचं पान निमूटपणे करतं.

शिवाय ‘ऱ्य’! मी वापरून पाहिलेली दुसरी साधनं हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. त्यांतून ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होऊन येतं, म्हणजे वाक्यातला स्वयंपाकी जातो आणि गुरुजी हजर होतात. तुमच्याकडे असं कधी झालं नाही. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि त्यांची सरमिसळ झाली की पुस्तकात शब्द शोधताना सापडत नाही. तुम्ही सगळीकडे एकच पद्धत पाळलीत. मराठी मनापासून वाचणारा माणूसच एवढा विचार करतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून गेल्या पावसाळ्यात पान उघडेनासं झालं तेव्हा हातपाय गळाले. गिरगावच्या त्या सरांना कबूल केलेला लेखसंग्रह अर्ध्यावर होता. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाहिलं. पान सापडलं, चौकोनही जागेवर होते, पण बटण दाबून काही होईना. जुन्या कोणत्या तुकड्याचं कोणतं अक्षर करायचं याचा तक्ता ज्या वेगळ्या फाइलीत होता, ती तिथे जतनच झाली नव्हती. मग पानाच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर लिहिलं. उत्तराची फार आशा नव्हती. लोकांची वेबपानं फुकट ठेवणारं जिओसिटीजसारखं अवाढव्य ठिकाणही 2009 मध्ये बंद झालं, तिथे एकट्या माणसाच्या एका पानाचं काय!

तुमचं उत्तर आलं. पान जिथे फुकट ठेवलं होतं ती सेवाच बंद झाली होती, आणि हे अजून कोणी वापरतं याची तुम्हाला कल्पना नव्हती. तुम्ही जुना संगणक काढून मूळ फाइल शोधलीत, पान नव्या जागी लावलंत. एवढ्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण तुम्ही तक्ता आणि पान मिळून एकच फाइल केलीत आणि लिहिलंत, ‘ही उतरवून ठेवा. इंटरनेट नसलं तरी चालेल, आणि मी नसलो तरी.’

ती फाइल आता माझ्या संगणकावर आहे, पेनड्राइव्हवर आहे, आणि हेच काम करणाऱ्या दोघी मैत्रिणींकडेही आहे. सरांचा लेखसंग्रह पुरा झाला. त्यांनी तो ऐकून संपवला आणि पुढच्या पुस्तकांची यादी फोनवर सांगितली. तुम्हाला त्यांचा आवर्जून नमस्कार आहे.

एक बारीकसं काम राहिलंय. शिवाजी फॉन्टमधल्या माझ्या एका फायलीत ‘वाङ्मय’ या शब्दातल्या ‘ङ’चा पाय मोडायचा राहून जातो. नमुन्याचं पान ईमेलने पाठवलंय. सवड होईल तेव्हा पाहा, घाई नाही.

लोभ असावा, ही विनंती.

आपली,
दादरची एक अक्षरजुळणीवाली